दुसऱ्या वाटेनं आलेला आवाज

शाहूपुरी, कोल्हापूर
११ जुलै २०२४

आदरणीय बाई,
सा. न.

काल तुम्हाला फोन केला तो गुरुप्रसादकाकांनी उचलला. "इरावती फोनवर येऊ शकत नाही," म्हणाले. मला वाटलं तुम्ही पूजेत असाल. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडूनच म्हटलं, मग संध्याकाळी करते. तर काका म्हणाले, "संध्याकाळीही नाही गं. तिचं स्वरयंत्र काढलंय."

बाई, स्वरयंत्र काढलेल्या माणसांना परत बोलायला शिकवणं हेच अकरा वर्षं माझं काम. आणि मी नुसतं 'बरं' म्हटलं. काका सांगत राहिले. थायरॉइडची गाठ वाढून स्वरयंत्रात शिरली, मार्चमध्ये ऑपरेशन झालं, आता तुम्ही गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेता आणि पाटीवर लिहून बोलता. मोबाइलवरचे मेसेज वाचत नाही, पण पत्र आलं तर वाचाल, असंही म्हणाले. म्हणून हे पत्र.

माझी बातमी अशी की जूनमध्ये मी हॉस्पिटल सोडलं. इथल्या एका कॉलेजात वाचा-उपचाराचा अभ्यासक्रम नव्यानं सुरू झालाय, तिथं सहायक प्राध्यापक म्हणून लागले. घरी मुरगूडला सगळ्यांनी पेढे वाटले. आमच्या आक्का शेजारणींना सांगत सुटल्या, "आमच्या सूनबाई आता प्रोफेसर झाल्या." आणि सुनेची गत काय? पहिल्या तासाला मी येतं ते सगळं बोलले. घसा, जीभ, टाळू, मज्जातंतू, सगळं. तास संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाही मुलानं मान वर केलेली नाही. दुसऱ्या तासालाही तेच. मुक्या माणसाला बोलतं करणारी मी, चांगला बोलता वर्ग मुका करून टाकते.

तुम्ही आम्हाला कसं शिकवत होता ते आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही. फक्त येत गेलं एवढं आठवतं.

मी दर रविवारी नृसिंहवाडीला येईन. आपण तुमच्या आवाजाचा सराव सुरू करू. कधीपासून येऊ?

तुमची,
स्वप्नाली

*

नृसिंहवाडी
२४ जुलै २०२४

प्रिय स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या पहिल्या पानावर पाण्याचे दोन डाग आहेत. पोस्टमन भिजला असेल असं मी समजते.

रविवारी येऊ नकोस. एक तर कृष्णा चढलीय, देवळात पाणी आहे. सगळी वाडी पादुकांवरून येणाऱ्या पाण्यात दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोटली होती, मी गच्चीवरून बघितलं. गळ्यात छिद्र असलेल्या माणसानं छातीएवढ्या पाण्यात उतरायचं नसतं, हे तुला सांगायला नको. दुसरं म्हणजे, पाणी उतरल्यावर आलीस तरी मला शिकवायला येऊ नकोस. मला आवाज नको. गळ्याला लावायचं ते यंत्र घरघरतं, मला ते कधीच आवडलं नाही. आवाजासाठी झडप बसवण्यासारखा माझा गळा उरलेला नाही, असं डॉक्टर म्हणतात. आणि अन्ननलिकेतून आवाज काढण्याची विद्या तरुणांनी शिकावी. मला पाटी पुरते. गुरुप्रसादला ऐकू कमी येतं, मला बोलता येत नाही, त्यामुळे आम्हा भावाबहिणीत सध्या शांतता नांदते.

आता तुझं. तू वर्गात सगळं सांगतेस ते मुलांसाठी नव्हे. आपल्याला सगळं येतं हे स्वतःला पटवण्यासाठी सांगतेस. हॉस्पिटलात समोरचा माणूस बरा झाला की आपण कोण ते कळतं, वर्गात ते कळायला वर्षं जातात. तोवर हात रिकामे वाटतात, मग माणूस तोंड चालवतो. सगळ्यांचं होतं.

एक कर. पुढच्या तासाला तू बोलू नकोस. बोलायला शिकलेला एखादा माणूस वर्गात आणून बसव आणि तू मागच्या बाकावर जा.

इरावती

*

शाहूपुरी
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. माझ्या गावच्या केरबांना बोलावलं. म्हशींचा मोठा गोठा आहे त्यांचा. तंबाखूपायी स्वरयंत्र गेलं, आणि मी हॉस्पिटलात असताना माझ्याकडेच बोलायला शिकले.

केरबा फेटा बांधून आले. मी त्यांची ओळख करून दिली आणि मागं जाऊन बसले. त्यांनी गळ्यावरचा रुमाल बाजूला केला, छिद्र दाखवलं. पुढच्या बाकावरच्या आदर्शनं तोंड फिरवलं. मग केरबांनी ओठ मिटले, हवेचा घोट घेतल्यासारखं केलं, आणि खोलवरून, विहिरीतून यावा तसा आवाज आला :

"पोरानु, भिऊ नगासा. घसा गेलाय. मी हाय की."

आदर्शनं तोंड परत वळवलं आणि मग तो केरबांकडे बघतच राहिला.

बाई, हा आवाज मी कितीदा ऐकलाय. पण त्या दिवशी मुलांच्या मागं बसून, त्यांच्या कानांनी ऐकला. फुप्फुसाची आणि तोंडाची वाटच तोडलेली. स्वरयंत्र काढून टाकलेलं. आणि तरी हा देह गप्प बसत नाही. जेवण जायच्या वाटेवर तो बोलायला जागा शोधतो. घोटभर हवा आत ढकलतो, पोटात पोचायच्या आत माघारी आणतो, वाटेतला स्नायूचा एक पट्टा थरथरतो, आणि माणूस सांगतो, मी हाय की. मी इतकी वर्षं हे काम म्हणून करत होते. ही केवढी गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी मागच्या बाकावर बसून कळलं.

पण पुढं ऐका. माझ्या वर्गात प्रियदर्शनी नावाची मुलगी आहे, गडहिंग्लजकडची. बोलताना अडखळते. शब्द अडला की डोळे मिटून घेते. ह्या व्यवसायात तिचं कसं व्हायचं, ही मला पहिल्या दिवसापासून काळजी आहे. तिला रुग्णांसमोर न बसवता चाचण्यांच्या खोलीत बसवावं, मशिनचं काम द्यावं, असं माझ्या मनात आहे. तर त्या दिवशी तिनं हात वर केला.

"म-मॅडम, तुम्ही ह्यांना बोलतं कसं केलंत?"

मी उठून पद्धत सांगितली. जीभ टाळूला कशी लावायची, हवा मागं कशी ढकलायची.

ती म्हणाली, "ते पु-पुस्तकात आहे. तुम्ही काय केलंत?"

केरबा माझ्याकडे बघून नुसतेच हसत होते. मी खरंच काय केलं होतं?

प्राचार्यांनी परवा बोलावलं होतं. वर्षभरात पीएच.डी.ला नाव नोंदवलं नाही तर नेमणूक पुढं चालू राहणार नाही म्हणाले. विषय काय घेणार, विचारलं. बघते म्हटलं. आणि नेमका काल हॉस्पिटलातून निरोप आला की जागा अजून रिकामी आहे, परत या. बाई, मला परत जावंसं वाटतंय. आपण काय करतो हे सांगता येत नसेल, तर शिकवायचं तरी कशाला?

स्वप्नाली

*

नृसिंहवाडी
२ सप्टेंबर २०२४

प्रिय स्वप्नाली,

केरबांचं वाक्य मी तीन-चारदा वाचलं आणि मग देवघराचं दार लावून आत बसले.

मी तुला खरं लिहिलं नव्हतं. मला आवाज नको असं नाही. मला तो येत नाही.

ऑपरेशनची जखम भरल्यापासून रोज सकाळी गुरुप्रसाद देवळात गेला की मी आरशासमोर बसते. सगळे नियम मला पाठ आहेत. तुम्हाला मीच सांगितलेत ते. हवा जाते. परत येत नाही. पोट फुगतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि आरशातली बाई तोंड उघडून नुसतीच बसून राहते. मी आयुष्यभर ज्यांना "येईल, धीर धरा" म्हणत आले, त्या प्रत्येकाची मला आता आठवण येते. ते माझ्याकडे कसे बघायचे ते आठवतं. मला वाटायचं ते थकलेत. ते थकलेले नव्हते गं. ते एकटे होते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी एवढ्या मुलामुलींना शिकवलं, विभाग उभा केला, परीक्षक म्हणून गावोगाव फिरले, आणि एका माणसाला आवाज कसा फुटतो, ते मला ठाऊक नाही. हे कळून मला वाईट वाटलं नाही, चकित व्हायला झालं. इतकी वर्षं आपण एखाद्या घरात राहावं आणि त्यात अजून एक खोली आहे हे आपल्याला माहीतच नसावं, तसं.

हॉस्पिटलात जायचं तर जा. ते कमी प्रतीचं काम नव्हे. पण एका मुलीनं प्रश्न विचारला म्हणून जाऊ नकोस.

आणि त्या मुलीला मशिनच्या खोलीत बसवू नकोस. तिनं विचारलं ते मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही.

इरावती

*

शाहूपुरी
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र वाचून रडले आणि मग एक कल्पना सुचली. गणपतीची धावपळ आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी तुम्हाला शिकवायला येत नाही. माझे विद्यार्थी येतील. दोघं-तिघं. ते तुमच्याबरोबर सराव करतील आणि मी बाजूला बसून बघेन. ते कुठं अडतात, तुम्ही कुठं अडता, सगळं टिपून ठेवेन. म्हणजे मी नकळत काय करत होते ते मला सापडेल. तुम्हाला आवाज मिळेल, मुलांना शिकायला मिळेल, आणि मला पीएच.डी.चा विषयही मिळेल. प्राचार्यांच्या कानावर घातलंय, त्यांना आवडलं.

कधी येऊ?

स्वप्नाली

*

नृसिंहवाडी
१४ सप्टेंबर २०२४

स्वप्नाली,

माझा गळा हा तुझ्या प्रबंधाचा विषय नाही. मी जे लिहिलं ते तुला लिहिलं होतं, प्राचार्यांना नव्हे.

इरावती

*

शाहूपुरी
१८ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

माझं चुकलं. तुम्ही दार उघडलंत आणि मी आत मोजपट्टी घेऊन शिरले. विषय सोडून दिलाय. तुम्हाला लिहावंसं वाटेल तेव्हा लिहा. नाही वाटलं तरी माझा राग नाही.

स्वप्नाली

*

नृसिंहवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण माझा राग गेला होता आणि हट्ट गेला नव्हता. आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणानं.

परवा तुझी प्रियदर्शनी माझ्या दारात उभी होती. तुला माहीत आहे का? बहुधा नसावं. आईबरोबर दत्ताच्या दर्शनाला आली होती. आपल्या मॅडमच्या बाई वाडीत राहतात आणि त्यांचं स्वरयंत्र काढलंय, एवढं तुझ्या बोलण्यातून तिला कळलं होतं. गळ्याला रुमाल बांधणाऱ्या बाई कुठं राहतात, असं फुलवाल्यापासून विचारत आली.

आमच्या दारातला प्रसंग तू बघायला हवा होतास. ती अडखळत बोलतेय, गुरुप्रसादला ऐकू येत नाहीये, आणि मला बोलता येत नाहीये. शेवटी मी तिला हाताला धरून आत आणलं आणि ओसरीवर बसवलं. आई देवळातच थांबली होती.

मी पाटीवर लिहिलं, "मॅडमनी पाठवलं?"

"न्हाई. मॅडमना म्हायती पण न्हाई. मी शि-शिकायला आले."

"काय?"

"मॅडमना जे सांगता येत न्हाई ते."

मी लिहिलं, "मलाही सांगता येत नाही. मला तो आवाज येतही नाही."

तिनं पाटी वाचली. मला वाटलं आता बिचारी उठून जाईल. तर ती म्हणाली, "मग दोघी मि-मिळून बघू की."

आणि मांडी घालून बसली, हवा गिळली, आणि स्वप्नाली, तिनं असा काही ढेकर दिला की अंगणातलं मांजर पळालं. आमच्या घरात! जिथं पानावर बसलेल्या माणसाचा ढेकर ऐकू आला तर आमची आई नुसती नजर उचलायची. मी आजूबाजूला बघितलं. ती म्हणाली, "शाळेत पोरं माजी नक्कल करायची, बाई. तोंडातनं वेडंवाकडं आलं तर मला आता लाज न्हाई वाटत. तुमी पण द्या."

मी प्रयत्न केला. हवा गेली, परत आली नाही. तिनं दुसरा दिला. मी प्रयत्न केला. काही नाही. तिनं तिसरा दिला, पहिल्या दोहोंपेक्षा मोठा. तेव्हा आतून गुरुप्रसाद, ज्याला दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही, तो ओरडला, "पावणं जेवलं वाटतं?"

मला हसू आलं. माझं हसणं आता मुकं असतं. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फसफसते. पण त्या वेळी हसता हसता काहीतरी वर आलं. फरशीवरून पाट ओढावा तसा आवाज. खरखरीत, जाडा, लांब. मी इकडंतिकडं बघितलं कुठून आला ते. प्रियदर्शनी माझ्याकडे बघत होती. तिचा हात तोंडावर गेला होता.

गुरुप्रसाद बाहेर आला. "इरे, तू बोललीस?" म्हणाला. त्यानं मला लहानपणानंतर कधी इरे म्हटलेलं नाही.

मी परत केलं. परत आला. मी "पा" म्हटलं. "टा" म्हटलं. गुरुप्रसाद उंबऱ्यातच खाली बसला.

मला नीट सांगता येत नाही ते सांगायचा प्रयत्न करते. तो आवाज माझा नव्हता. माझा आवाज बारीक होता, तुम्ही मागं त्याची नक्कल करायचात हे मला माहीत आहे. हा कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा वाटावा असा. आणि तरीही तो माझ्यातून आला, मी बोलावल्यावर आला. एवढे महिने तो आत बसून होता. मीच वाट आवळून धरली होती, लाजेनं. नियम सगळे बरोबर होते. फक्त चारचौघांत असा आवाज करायचा नसतो, हे माझ्या घशाला माझ्यापेक्षा पक्कं शिकवलेलं होतं. घसा गेला तरी ती शिकवण गेली नव्हती.

नद्यांच्या संगमावर राहणाऱ्या माणसानं देवाचं देणं बघायला देवळात जावं असं मी समजत होते. परवा ते माझ्या ओसरीवर आलं आणि ढेकर देत बसलं.

रविवारी ये. तिला घेऊन ये. ती शिकवेल, मी शिकेन, आणि तिला माझ्या गळ्यात आत काय होतंय ते मी पाटीवर लिहून शिकवेन. तू कोपऱ्यात बसायचं. तोंड उघडायचं नाही. टिपून घ्यायचं असेल तर घे. आता माझी हरकत नाही. माणसाला स्वतःच्या गळ्यावर शिकवायला मिळावं ही संधी कुणा प्राध्यापकाला मिळते?

इरावती

*

शाहूपुरी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

तुम्हाला दर रविवारी भेटते तरी हे लिहूनच सांगावं लागणार, कारण तुमच्या ओसरीवर तोंड उघडायची मला मनाई आहे.

खरं सांगते, पहिल्या रविवारी मला सोसवलं नाही. ती चुकत होती. तुम्हाला घाई करत होती, मध्येच पाणी द्यायला विसरत होती. माझे हात शिवशिवत होते. आणि दुसरंही होतं. तुम्ही माझ्या बाई, आणि तुमचा आवाज माझ्या हातून यायला हवा होता, असं आत कुठंतरी खुपत होतं. मी कोपऱ्यात बसून राहिले. तिसऱ्या रविवारी तिचा शब्द अडला, ती डोळे मिटून थांबली, आणि तुम्ही पाटी खाली ठेवून तिच्यासाठी थांबलात. कुणालाच घाई नव्हती. मग तिचा शब्द आला आणि त्याच्या पाठोपाठ तुमचा. त्या दिवशी माझं खुपणं गेलं. मी शिकवणाऱ्यांची पुष्कळ व्याख्यानं ऐकलीत, बाई. पण दोन माणसं एकमेकांना असं शिकवताना मी कधी बघितलं नव्हतं.

मुरगूडला गेले तेव्हा केरबांच्या गोठ्यावर गेले. ते धार काढत होते. म्हटलं, "केरबामामा, त्या वेळी मी तुम्हाला नक्की काय केलं होतं?"

ते हसायला लागले. "आठवत न्हाय व्हय? पयल्या दिवशी माज्याम्होरं बसून केवढा ढेकर दिलासा! मी म्हटलं, एवडी शिकलेली बाई लाजत न्हाय, मग आपुन कशापायी लाजायचं?"

मला खरंच आठवत नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, माझ्या तासाच्या टिपणांतही नव्हतं. मी सगळ्यांपुढं करत असणार, पाणी पितो तसं, आणि त्यालाच मी काम समजत नव्हते.

पीएच.डी.ला नाव नोंदवलं. घसा गेलेल्या माणसांची लाज आणि ती घालवणारा शिक्षक, असा विषय आहे. प्राचार्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे कुठं मोजता येतं का?" म्हटलं, "बघू की सर." हॉस्पिटलाला नम्रपणे नकार कळवला. आता माझा पहिला तास ढेकरांनीच सुरू होतो. शेजारच्या फिजिओथेरपीच्या वर्गानं तक्रार केलीय.

तुमचं नाव कॉलेजनं पाहुण्या शिक्षकांत घालायचं ठरवलंय. कृपा करून नाही म्हणू नका.

स्वप्नाली

*

नृसिंहवाडी
१० मार्च २०२५

प्रिय स्वप्नाली,

घरी सुखरूप पोचले. गुरुप्रसाद एस.टी.त सगळ्या प्रवाशांना सांगत होता, "आमची बहीण कोल्हापूरला लेक्चर देऊन आली." मी त्याला चिमटा काढला.

निवृत्तीच्या दिवशी मला वाटलं होतं, आपली वाट संपली. व्याख्याता झाले, प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, पुढं फक्त हार आणि नारळ. आज त्या वर्गात उभी राहिले तेव्हा पहिल्या नोकरीचा पहिला दिवस असावा तसं वाटलं. तू ओळख करून दिलीस तेव्हा मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी हवा घेतली आणि म्हटलं, "टाळ्या नकोत. प्रश्न विचारा." तर त्यावरच त्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या. अशिस्त वर्ग आहे तुझा.

पण प्रश्न विचारले त्यांनी. आणि मी उत्तरं दिली. पाच-सहा शब्दांपलीकडे माझा श्वास, नव्हे, माझा घोट पुरत नाही. पूर्वी मी एका दमात केवढं बोलायचे! आता प्रत्येक शब्द निवडून आणावा लागतो. मुलं पुढं झुकून ऐकत होती. आयुष्यात माझा एवढ्या शांतपणे ऐकला गेलेला तास हा पहिलाच.

आदर्शनं विचारलं, "बाई, हे येतं तेव्हा कसं वाटतं?" मी घोट घेतला आणि म्हटलं, "कुणीतरी दिल्यासारखं."

तब्येतीला जप. प्रबंध घाईनं लिहू नकोस.

इरावती

*

शाहूपुरी
२७ जून २०२५

आदरणीय बाई,

आज जे बघितलं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय मला घरी जाववेना. कॉलेजातच बसून लिहितेय.

मुलांना आता आमच्या बाह्यरुग्ण विभागात खरे रुग्ण देतो. प्रियदर्शनीकडे जोतीराम नावाचे एक गृहस्थ आले. गूळ करणारे, गुऱ्हाळावरचे. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालेलं. बायको बरोबर. आठवडे झाले, आवाज नाही. मागच्या वेळी त्यांनी येणार नाही म्हणून हात हलवला होता. मी प्रियदर्शनीला म्हटलं होतं, पुढच्या वेळी मी आत बसते. ती म्हणाली, "मॅ-मॅडम, अजून एकदा मी ए-एकटी बघते."

आज मी फाइल घ्यायला त्या खोलीशी गेले. दार थोडं उघडं होतं. जोतीराम खाली मान घालून बसले होते. प्रियदर्शनी त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती काहीतरी सांगायला गेली आणि तिचा शब्द अडला. नेहमीपेक्षा जास्त. डोळे मिटले, मान थरथरली. जोतीरामांनी मान वर केली. ते तिच्याकडे बघत राहिले. मी बघितलं, बाई, तो मोठा माणूस तिच्यासाठी स्वतःचे ओठ हलवत होता, लहान मुलाला घास भरवताना आपलं तोंड उघडतं ना, तसं. तिचा शब्द फुटला. ती हसली. मग तिनं एक ढेकर दिला. जोतीरामांची बायको पदरात तोंड घालून खुदकली. जोतीरामांचे खांदे हलायला लागले.

आणि मग खोलीत एक आवाज झाला.

प्रियदर्शनीनं हळूच म्हटलं, "मामा, प-परत. काय पण म्हणा."

त्यांनी हवेचा घोट घेतला. डोळे तिच्या तोंडावर. आणि म्हणाले, "च्या."

त्यांची बायको उठली. "आणते की! आणते! च्या पाहिजे व्हय तुमास्नी!" असं रडत ओरडत दाराबाहेर आली, माझ्यावर आदळली, माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "ओ बाई, आमचं मालक च्या मागत्यात," आणि तशीच कँटीनकडे पळाली.

आत जोतीराम परत म्हणाले, "च्या." आणि परत. माणसानं आंघोळीनंतर मोकळं हसावं तसे हसत होते. प्रियदर्शनीची माझ्याकडे पाठ होती. तिला मी आलेलं कळलंच नाही. ती पुढचा शब्द सांगत होती, अडखळत, आणि ते तिच्या मागून म्हणत होते.

मी आत गेले नाही, बाई. दार ओढून घेतलं आणि तिथंच बाहेरच्या बाकावर बसले. जोतीरामांची बायको कपातून चहा सांडत परत आली, तेव्हा मी तिच्यासाठी दार उघडून धरलं.

तुमची,
स्वप्नाली